तीन हात कोटिंग

आधी चाचांचं सांगते, मग काय झालं ते. उलट्या क्रमानं सांगायला गेले तर सगळं मीच केलं असं वाटेल, आणि तसं मुळीच नव्हतं.

चाचा म्हणजे आमच्या फाउंड्रीतले गॅसकटिंगवाले. साठी केव्हाच ओलांडली आहे. रोज कबनूरहून जुन्या मोपेडवर येतात. घरातले सगळे यंत्रमागावर, हे एकटेच लोखंडात. "मागाच्या खडखडाटात मला झोप लागती, म्हणून हिकडं आलो," असं सांगतात. खरं-खोटं त्यांनाच माहीत. हे लिहायला घेतलं तेव्हा मी विचारलं, चाचा, तुमचं नाव घालू का? तर म्हणाले, "घाल की. आन दुसऱ्या दिवशी बघ, तुझ्या टॉर्चचा गॅस बंद." म्हणून नाव घालत नाही. पण त्या गुरुवारी चाचा नसते, तर मी आज गोंदियाकडच्या आमच्या गावात परत गेले असते, आणि आकाशातून परत येणाऱ्या यानाला काय लागतं हे मला जन्मात कळलं नसतं.

माझी शाळा सातवीत सुटली. तसं विशेष काही झालं नाही. आठवीचा वर्ग दुसऱ्या गावात, मध्ये जंगल, आणि बस यायची तर यायची. मोठी बहीण आणि भाऊजी कामासाठी कोल्हापूरला निघाले तेव्हा मीही मागं लागले. भाऊजी इथल्या फाउंड्रीत लागले, आम्ही दोघी बहिणी तिथंच कोअर शॉपमध्ये. पुढं बहीण बाळंतपणाला घरी गेली आणि ती दोघं परत आलीच नाहीत. मी राहिले. शिरोलीत तिघींची मिळून एक खोली. आई रोज संध्याकाळी फोनवर विचारते, "कवा येतेस माय?" आणि मी रोज सांगते, येते, सणाला येते. इतक्या लांब राहून मला एक खोड लागली आहे, काळजीची. कुलूप लावलं का, हे बघायला मी अर्ध्या रस्त्यातून परत जाते. सोबतच्या बायका हसतात. "ह्या बाईला कुलपाचंच स्वप्न पडतंय बघा."

कोअर शॉप म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. पाण्याचा पंप आतून पोकळ असतो. ओतीव लोखंडात अशी पोकळी ठेवायची तर तेवढ्या जागेत वाळूचा ठोकळा ठेवायचा आणि भोवती वितळलेलं लोखंड ओतायचं. तो ठोकळा म्हणजे कोअर. वाळू घट्ट राहावी म्हणून तिच्यात रेझिन असतं, चिकट आणि उग्र वासाचं. लोखंड ओतलं की रेझिन जळतं, त्याचा वायू होतो, आणि तो बाहेर जावा म्हणून कोअरच्या पोटातून मागं एक भोक काढलेलं असतं. ते बुजलं तर वायू लोखंडात शिरतो, नगाला आतून फोड येतात आणि नग भंगारात जातो.

आणि शेवटी कोटिंग. स्पिरिटमध्ये कालवलेली काळी पूड ब्रशनं कोअरवर मारायची आणि काडी लावायची. निळी ज्योत कोअरभर पळत जाते आणि विझते. मागं राहतो मऊ काळा थर. त्यानं लोखंड वाळूत घुसत नाही, नग गुळगुळीत निघतो. आमच्याकडं पहिल्याच दिवशी सांगतात, नागडा कोअर साच्यात जायचा नाही. चार वर्षं मी तेच केलं. एक हात, काडी. दुसरा हात, काडी. माझ्यासमोर वाळूचं काहीही ठेवा, माझा हात ब्रश शोधायला लागतो.

ताई म्हणजे मालकांची मुलगी. बाहेर शिकून परत आल्या आणि मागच्या रिकाम्या शेडमध्ये त्यांनी स्वतःचं काहीतरी सुरू केलं. आम्हाला वाटायचं, हौस असेल. एक दिवस त्या कोअर शॉपमधून जात होत्या आणि मी सोबतच्या बाईला म्हणत होते, "ही वाळू-रेझिनची घाणी कच्ची आहे, वास बघ ना." ताई थांबल्या.

"वासावरून कळतं तुला?"

"कळतं जी." घाबरले की माझ्या तोंडात गावाकडचं जी येतंच.

त्यांनी तपासलं. घाणी खरंच कच्ची निघाली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला मागच्या शेडमध्ये मागून घेतलं.

तिथं वाळू नव्हती. पांढरं, काचेच्या धाग्यांचं कापड होतं, बुचाच्या लाकडाचा भुगा होता, आणि आमचंच ते उग्र रेझिन. त्यात ताई आजऱ्याहून आणलेलं काजूच्या टरफलांचं तेल थोडं मिसळायच्या, तुकडा फार ठिसूळ होऊ नये म्हणून. ते तेल हाताला लागलं की कातडी सोलते, तेव्हा दोन-दोन हातमोजे. कापडाचे थर एकावर एक लावायचे, दाबायचे, भट्टीत हळूहळू शिजवायचे. बाहेर निघायचा तो भाकरीएवढा, दोन बोटं जाडीचा, काळपट तुकडा.

हे कशासाठी, ते ताईंनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा चाचाही तिथं होते. अवकाशात गेलेल्या यानाची छोटी कुपी परत पृथ्वीवर येते तेव्हा इतक्या वेगानं येते की तिच्या पुढची हवा बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. ती हवा दाबली जाते आणि तापते. लोखंड ओतायच्या भट्टीपेक्षाही जास्त. कुपीच्या तोंडावर आपल्या तुकड्यांसारखी ढाल असते. तिचा वरचा थर जळून कोळसा होतो, आतल्या रेझिनचा वायू होतो, तो वायू वर येऊन तापलेल्या हवेला लांब ढकलतो. ढाल थोडी थोडी झिजत जाते, आतलं सामान थंड राहतं.

चाचांनी डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर सरकवला. "म्हंजे अंगातला शर्ट जळला तरी चालंल, खिशातला तंबाखू शाबूत ऱ्हायला पायजे."

"बरोबर, चाचा."

"मग आसं सरळ सांगा की. मघापासनं इंग्रजी कशाला?"

मला त्या रात्री झोप आली नाही. काळजीनं नव्हे, हे पहिल्यांदाच. मी वर बघायचे तेव्हा चांदण्या दिसायच्या, आता वाटायचं, तिथून खाली येणाऱ्या कशालातरी माझ्या हातचं काही चिकटलेलं असेल. सातवी पास बाईच्या हातचं. मी आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आधी जेवलीस का ते सांग."

पण हे सगळं टिकणार की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. पंपांच्या ऑर्डरी कमी झाल्या होत्या. ठेकेदारानं मला बोलावून स्पष्ट सांगितलं, महिनाअखेरीला कोअर शॉपमधून चार बायका कमी होणार, त्यात तुझं नाव आहे. ताईंच्या कामाला मंजुरी मिळाली तर तिकडं राहशील. नाही मिळाली तर गावाकडं जा. त्यानं वाईट बोलून सांगितलं नाही. पण मी घरी जाऊन काय करणार होते? पहिल्यांदाच मला एक काम सापडलं होतं ज्यात कुणीतरी थांबून मला विचारत होतं, तुला काय वाटतं. ते सोडून जायचं नव्हतं मला.

मंजुरी द्यायला पुण्याहून एक साहेब गुरुवारी येणार होते. आमच्याकडं पाच तुकडे तयार होते. त्यांच्यासमोर एक जाळून दाखवायचा, बाकीचे ते बरोबर नेणार. पाचव्याचा कोपरा भट्टीतून काढताना मोडला होता, म्हणून तो टेबलाखाली टाकून दिलेला.

जाळायची पद्धत अशी. तुकडा भट्टीच्या विटांच्या चौकटीत उभा बसवायचा. मागच्या बाजूला तापमान मोजायची तार चिकटवायची, ती मीटरला जोडायची. समोरून चाचा टॉर्चची ज्योत धरणार, दोन मिनिटं, तेवढ्याच अंतरावर, हात न हलवता. मागची बाजू दोनशे अंशांच्या वर गेली तर नापास. टॉर्चसाठी ताईंनी स्टँडही करून बघितला होता, पण ज्योत फडफडली की तो तसाच उभा राहायचा. चाचांचा हात तिच्याबरोबर बारीक बारीक सरकून अंतर तेवढंच ठेवायचा.

गुरुवारी मी सगळ्यांच्या आधी शेडमध्ये आले. चारही तुकडे टेबलावर मांडले. पुसले. परत पुसले. कापडाची वीण वरून दिसत होती, मध्ये मध्ये बारीक खड्डे. माझ्या मनात आलं, साहेब पुण्याहून येणार आणि आपण त्यांना असला खरबरीत माल दाखवणार? कोअर शॉप शेजारीच होतं. डबा उघडा होता. मी खोटं लिहीत नाही, मला ठरवल्याचं आठवतच नाही. ब्रश हातात होता आणि पहिला तुकडा काळा होत होता. एक हात, काडी. निळी ज्योत पळाली, विझली. दुसरा हात, काडी. चांगलं व्हावं म्हणून तिसराही. चारही तुकडे असे झाले की बघत राहावं. मोडक्याला मी हात लावला नाही, तो कोण बघणार होतं?

ताई आल्या आणि टेबलापाशी थांबल्या. "आज काय देखणे दिसतायत गं तुकडे!"

"पुसले जी," मी म्हटलं. आणि खरंच, मला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. मला वाटलं, नवरीला हळद लावली तर सांगत बसतात का?

साहेब अकराला आले. सडपातळ, शांत, सारखं वहीत लिहिणारे. चाचांनी त्यांना बाकावर जागा दिली. "बसा पावणं. चा घ्या. चा पिऊन जाळू, जाळून चा नको, हात थरथरत्यात."

तुकडा बसवला. आम्ही सगळ्यांनी काळ्या काचा डोळ्यांसमोर धरल्या. टॉर्च पेटला, चाचांनी ज्योत बारीक निळी केली आणि पुढं आणली. ताई मोबाईलवर वेळ बघत होत्या.

"दहा."

तुकड्यातून धूर निघाला आणि मधोमध लाल ठिपका उमटला.

"वीस."

लाल ठिपक्याभोवतीचा भाग फुगला. पुरी फुगते तसा. मी ते बघितलं आणि मला काहीच कळलं नाही.

फट्ट झालं. तळहाताएवढा पापुद्रा उडून पत्र्यावर आपटला. त्याच्या मागोमाग अजून एक. चाचांनी टॉर्च बाजूला घेतला तोवर मीटर दोनशेच्या पार गेलं होतं, आणि अर्धं मिनिटही झालं नव्हतं.

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग सावकाश विचारलं, "ज्योत जास्त जवळ आली होती का?"

ताई लगेच म्हणाल्या, "नाही सर, चाचांचा हात..."

चाचांनी खाली पडलेला पापुद्रा चिमट्यानं उचलला. नाकापाशी नेला. उलटा करून बघितला. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, क्षणभरच, आणि साहेबांकडं वळून म्हणाले, "आसंल पावणं. म्हातारा हात हाय. हलला आसंल."

साहेबांनी तेही वहीत लिहिलं.

जेवणाची सुट्टी झाली. ताई साहेबांना घेऊन ऑफिसात गेल्या. जाताना त्यांचा चेहरा असा झाला होता की मला बघवेना. मी पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसले. डबा उघडलाच नाही. चाचा आले, टाकीला टेकून उभे राहिले, बिडी काढली, पेटवली नाही.

"किती हात मारलंस?"

मी डब्याच्या कडीशी चाळा करत राहिले.

"पोरी, चाळीस वर्सं फाउंड्रीत काढली म्या. कोटिंगचा वास मला वळखू येत न्हाय व्हय? किती हात?"

"तीन."

"तीन! एकानं भागलं न्हाय? लगीन होतं काय तुकड्याचं?"

मला रडू फुटलं. "चाचा, नागडा कोअर कसा ठेवायचा, म्हणून..."

"आगं पर त्यो कोअर हाय का?"

"तुम्ही तुमचा हात हलला असं कशाला सांगितलं?"

"मग काय सांगायचं हुतं? पावण्याम्होरं तुजं नाव घ्यायचं? मला कोण काढतंय? हितनं काढलं तर घरी माग हायच, खडखड ऐकत पडंन." मग बिडी परत कानामागं खोचून म्हणाले, "म्या काय सांगनार न्हाय. पन त्या पोरीनं दोन वर्सं ह्यात घातल्यात. तिला आता वाटनार, आपलं रेझिनच चुकलं. समदं परत पयल्यापासनं. साहेबाची गाडी चारला हाय. तुजं तू बघ."

आणि गेले.

मी किती वेळ बसले कुणास ठाऊक. खोटं वाटेल, पण त्या वेळेस मी मनातल्या मनात पिशवी भरली. कोणती साडी खोलीवर ठेवायची, कोणती न्यायची, तिकीट कुठून काढायचं, आईला काय सांगायचं. सांगितलं तर काढणार. नाही सांगितलं तरी तुकडा नापास, म्हणजे काढणारच. दोन्हीकडून गावच. पण नाही सांगितलं तर वहीत चाचांचा हात हलला असंच राहणार होतं, आणि ताई चांगलं रेझिन फेकून देणार होत्या. उठले आणि ऑफिसकडं निघाले.

ऑफिसात दोघं जेवत होते. मी दारातच म्हटलं, "ताई, चाचांचा हात नाही हलला जी. मी कोटिंग मारलं."

"कसलं कोटिंग?"

"कोअरचं. काळं. तीन हात. चारही तुकड्यांना."

ताईंचा घास तसाच राहिला. "कुणी सांगितलं होतं तुला?"

"कुणी नाही."

"मी विचारलं तेव्हा म्हणालीस पुसले! पुसले म्हणे!" त्या उठून उभ्या राहिल्या. त्यांना इतकं चिडलेलं मी कधी बघितलं नव्हतं. "अगं दोन वर्षं... तुला कळतंय का काय केलंस?"

साहेब मात्र माझ्याकडंच बघत होते. "कोअरला कोटिंग का मारतात?" त्यांनी विचारलं. चौकशी केल्यासारखं नाही, खरंच माहीत नसल्यासारखं.

मी सांगितलं. लोखंड वाळूत घुसू नये म्हणून.

"आणि मग रेझिनचा वायू? तो कुठून जातो?"

"मागून जी. मागं भोक असतं ना, पोटातून. पुढं कोटिंगनं बंद, मागून वाट मोकळी. तो मागून..."

मी बोलता बोलता थांबले. माझ्या डोळ्यांसमोर तो फुगलेला लाल भाग आला. अंगावर सरसरून काटा आला, आणि तो भीतीचा नव्हता.

"ताई! तुकड्याला मागं वाटच नाही! मागं तर आपल्याला थंड ठेवायचंय. वायूला पुढूनच जायचंय, पुढून गेला तरच तो हवेला ढकलणार. आणि मी पुढचंच दार लावलं. तो आत कोंडला आणि पापुद्रा उडवून बाहेर आला. रेझिन नाही चुकलं ताई. रेझिन बरोबर आहे!"

मी ओरडतच होते. साहेबांनी पोळी बाजूला ठेवली आणि वही माझ्यापुढं सरकवली. "काढून दाखवा." मी कोअर काढला, तुकडा काढला, बाण काढले. पेन धरायची सवय गेलेली, बाण वाकडे आले. ताई माझ्या खांद्यावरून बघत होत्या. चिडलेल्याच होत्या, श्वासावरून कळत होतं, पण बघत होत्या.

"असं असेल तर कोटिंग नसलेला तुकडा टिकायला हवा," साहेब म्हणाले. "आहे का एखादा?"

"एक आहे, पण मोडका आहे, सर," ताई म्हणाल्या. "रिजेक्ट. आणि तुमची गाडी..."

साहेबांनी घड्याळ बघितलं. मोडक्या तुकड्यावर निकाल कसा द्यायचा, असं पुटपुटले. तेवढ्यात दारातून आवाज आला. चाचा कधीचे तिथं उभे होते.

"पावणं, एवढ्या लांबनं आलाय. तांबडा-पांढरा खाल्ल्याबिगर आन दुसरा तुकडा जाळल्याबिगर जायाचं न्हाय. दोन तर मिन्टं. गाडी म्या थांबवतो की, चाक काढून ठेवतो."

साहेब पहिल्यांदा हसले.

मोडका तुकडा मी टेबलाखालून काढला. धूळ फुंकरली. पुसायलाही भीती वाटली. चाचांनी तो चौकटीत बसवला, मोडका कोपरा खाली करून विटेचा तुकडा लावला. ताईंनी तार चिकटवली. माझ्याशी त्या बोलत नव्हत्या, पण काळी काच त्यांनीच माझ्या हातात दिली.

टॉर्च पेटला.

"दहा." धूर. लाल ठिपका.

"वीस." मी फुगवटा शोधत होते. डोळे फाडून शोधत होते. ठिपका वाढला, लालचा नारिंगी झाला. फुगवटा नाही.

"तीस. चाळीस." आता तुकड्याच्या तोंडातून धूर सरळ पुढं येत होता, बारीक बारीक हजार भोकांतून आल्यासारखा, आणि ज्योत त्याच्यावर आपटून बाजूला पसरत होती. मला दिसत होतं! ताई महिनोन्‌महिने जे सांगत होत्या ते माझ्यासमोर चाललं होतं. वायू हवेला ढकलत होता.

"एक मिनिट." मधला भाग पांढरा झाला. काचेचे धागे वितळून थेंब आले, घामासारखे, चमचम करत खाली ओघळायला लागले. चाचांचा हात तसाच. त्यांच्या कानशिलावरूनही घाम ओघळत होता, त्यांनी तो पुसला नाही.

"दीड." साहेब बाकावरून कधी उठले कळलं नाही. "मागचं किती?"

"चौऱ्याऐंशी."

"दोन मिनिटं!"

ज्योत बंद. मी टाळी वाजवली. माझी एकटीचीच वाजली.

"थांब," ताई म्हणाल्या. "अजून चढतंय."

हे मला माहीतच नव्हतं. ज्योत विझली तरी पुढं साठलेली उष्णता मागं चालत येत राहते. मीटर चढत होतं. एकशे दहा. एकशे तीस. आम्ही चौघं त्या एवढ्याशा आकड्यांभोवती वाकून उभे. करण्यासारखं कुणाच्याच हातात काही नव्हतं. एकशे पन्नास. बाहेर हायवेवरून उसाची ट्रॉली गाणी लावून गेली. एकशे सत्तर. मी मनात सगळ्या देवांना हाक मारली, गावाकडच्या आणि इकडच्याही. एकशे ऐंशी.

"थांब रं बाबा आता," चाचा मीटरला म्हणाले.

एकशे ब्याऐंशी. एकशे त्र्याऐंशी. त्र्याऐंशी. त्र्याऐंशी.

ब्याऐंशी.

ताईंनी मला मिठीच मारली. मघाशी ओरडलेल्या त्याच ताई. मग आठवल्यासारखं मला लांब केलं आणि म्हणाल्या, "मी अजून चिडलेली आहे, लक्षात ठेव." चाचा खाली उकिडवे बसून हसत होते, आवाज न करता, खांदे हलवत. साहेबांनी वहीतली सकाळची ओळ खोडली. मी बघितलं. "हात हलला" यावर त्यांनी दोनदा रेघ मारली.

चारला निघायच्या ऐवजी ते सहाला निघाले. जळालेला मोडका तुकडा त्यांनी कापडात गुंडाळून घेतला, आणि सकाळचे उडालेले पापुद्रेही मागून घेतले. फुटला तो का फुटला हे इतकं नेमकं कळलं, तेही कामाचंच आहे, असं म्हणाले. राहिलेल्या तीन तुकड्यांचं कोटिंग मी घासून काढलं नाही, ताईंनी काढू दिलं नाही. ते तसेच कपाटात आहेत. आणि शेडच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत एक ओळ आहे, ताईंनी माझ्याचकडून लिहून घेतलेली: "विचारल्याशिवाय कशालाही काहीही लावू नये." खाली चाचांनी खडूनं बाण काढलाय, त्याचं टोक माझ्या टेबलाकडं आहे.

आठवड्यानं पुण्याहून फोन आला, मंजुरी मिळाली. पुढचे तुकडे करायला सांगितले, आता वाकड्या, कुपीच्या तोंडासारख्या आकाराचे. ठेकेदाराच्या यादीतून माझं नाव निघालं आणि ताईंच्या यादीत लागलं. मी आईला सांगितलं. तिनं विचारलं, "म्हणजे आता सणाला येशील ना?" आलेसुद्धा, चार दिवस. पण चौथ्या दिवशी मला त्या उग्र वासाची आठवण यायला लागली.

परवा कळलं ते सांगते आणि थांबते. चाचांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. इचलकरंजीच्या डॉक्टरांनी दोनदा तारीख दिली, चाचांनी दोनदा पुढं ढकलली, कारण ऑपरेशननंतर बरेच दिवस ज्योतीकडं बघायचं नाही, आणि प्रत्येक तुकडा तसल्याच न हलणाऱ्या हातानं जाळलेला हवा, असं पुण्याच्या साहेबांचं म्हणणं. तसा दुसरा हात आमच्याकडं नाही. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांची सून डबा द्यायला आली होती, तिच्याकडून कळलं.

मी ताईंना विचारलं (आता विचारते सगळं), आणि जेवणाच्या सुट्टीत रोज भंगारातल्या पत्र्यावर टॉर्च धरायला लागले आहे. अर्धं मिनिट जमतं. मग खांदा भरून येतो आणि ज्योत भरकटते. चाचा बाकावर बसून बघतात. "काय लिवायलीस का काय पत्र्यावर? नक्षी नको, सरळ धर."

चाचा, दोन मिनिटं हात न हलवता ज्योत धरायला मी शिकेन. वेळ लागेल, मला सगळ्यालाच वेळ लागतो. पण ज्या दिवशी साहेब वहीत माझा हातही चालतो असं लिहितील, त्याच दिवशी तुमची तारीख मी स्वतः घेईन, मोपेडची किल्ली काढून घेईन, आणि तुम्ही डोळ्यावर पट्टी बांधून घरी मागाच्या खडखडाटात झोपाल. हा माझा शब्द.